द्युपाँ चेंडू हातात नसताना काय करतो?

एका आईचा प्रश्न आलाय, थोडक्यात असा: "मुलगा चौदा वर्षांचा, शाळेच्या रग्बी संघात स्क्रम-हाफ. वर्गात उंची सर्वांत कमी. फ्रान्सच्या आंत्वान द्युपाँचे व्हिडिओ दिवसभर बघतो आणि 'मलाही तसं शरीर हवं' म्हणून जिमचा हट्ट धरतो. हा खेळाडू खरंच एवढा मोठा आहे की सगळा जाहिरातींचा खेळ? आणि माझ्या मुलाने त्याच्याकडून नेमकं काय घ्यावं?"

ताई, मी स्वतः स्क्रम-हाफच. वीसेक वर्षं खेळलो आणि त्याहून थोडी कमी वर्षं मुलांना शिकवतोय. त्यामुळे या जागेबद्दल माझं मत जरा पक्षपाती असणार, हे आधीच मान्य करतो. पण उत्तर सरळ आहे. हो, तो खरंच एवढा मोठा आहे. मात्र तुमचा मुलगा ज्या व्हिडिओंमध्ये त्याला बघतोय, त्यांत त्याचं खरं मोठेपण दिसत नाही. ती अर्ध्या मिनिटाची क्लिप सुरू होते तेव्हा चेंडू द्युपाँच्या हातात आलेला असतो. तो तिथे पोचला कसा, हे आधीच कापलेलं असतं.

मुळापासून सांगतो. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी कास्तेलनो-मान्याक नावाचं गाव आहे. वस्ती हजाराच्याही आत. घरचा पिढीजात हॉटेल-रेस्टॉरंटचा व्यवसाय. जन्म १५ नोव्हेंबर १९९६चा, जवळच्या लानमेझाँ गावातला. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गावात रग्बी कुठून आलं? तर फ्रान्सचा तो कोपराच तसा आहे. आपल्या कोल्हापुरात जशी पेठेपेठेला तालीम, तसा तिकडे गावागावाला रग्बीचा क्लब. उत्तर फ्रान्समध्ये फुटबॉल, इकडे मात्र चर्चच्या मागे रग्बीचे खांब उभे. चार-पाच वर्षांचा असताना तो गावच्या क्लबात गेला. छोट्या क्लबात वयानुसार पुरेशी मुलं कुठून मिळणार? लहान पोर मोठ्यांत मिसळूनच खेळतं. ज्याला आपण अंगाने हरवू शकत नाही, त्याच्याशी रोज खेळायचं म्हटलं की पोराला दोन गोष्टी आपोआप येतात: आधी बघणं, आणि खाली वाकणं. माझ्या हाताखाली आलेल्या चांगल्या स्क्रम-हाफपैकी निम्मे तरी घरातले धाकटे होते. तोही धाकटाच.

तिथून तो ओश या शहराच्या क्लबात गेला. (तो व्यावसायिक क्लब पुढे २०१७मध्ये पैशाअभावी बंद पडला. फ्रान्समधल्या छोट्या शहरांच्या रग्बीची ही नेहमीची कहाणी, पण तो विषय वेगळा.) मग कास्त्र शहराचा क्लब. तिथे अठरा पूर्ण होण्याआधीच तो मोठ्यांच्या संघातून उतरला. मार्च २०१७मध्ये रोममध्ये इटलीविरुद्ध फ्रान्सकडून पहिला सामना, तोही बदली खेळाडू म्हणून. त्याच वर्षी तो तुलूझला आला आणि मग त्याने तो क्लब सोडलाच नाही.

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही गुणी खेळाडूची असू शकते. आता स्क्रम-हाफच्या कामाकडे येऊ, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पंधरा जणांच्या रग्बीत आठ फॉरवर्ड म्हणजे ओझं वाहणारे. धक्का, ढकलाढकली, चेंडू जिंकणं ही त्यांची कामं. मागचे सहा जण पळणारे. या दोघांच्या मधला बिजागरीसारखा एक जण असतो, तो स्क्रम-हाफ, नऊ नंबर. टॅकल झाला, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडलं, माणसांचा ढीग पडला, म्हणजे रक झाला, की त्याने तिथे पोचायचं, चेंडू उचलायचा आणि ठरवायचं: पास, किक की स्वतः पळायचं? एका सामन्यात हे सत्तर-ऐंशी वेळा. ठरवायला मिळतो जेमतेम एक सेकंद. बाकीचे खेळाडू अधूनमधून दम खातात. नऊ नंबरला ती सोय नाही.

आता बहुतेक नऊ नंबर काय करतात? पास देतात आणि चेंडूच्या मागोमाग पळतात, म्हणजे पुढच्या रकला वेळेत पोचता येईल. बरोबरच आहे, मीही आयुष्यभर हेच केलं. द्युपाँ पास देतो आणि बऱ्याचदा चेंडूच्या मागे न जाता मैदानाच्या मधोमध, आतल्या बाजूने, सरळ पुढे निघतो. चेंडू बाहेर गेलाय, बचाव करणारे सगळे तिकडे वळलेत, आणि हा गडी कुणाचं लक्ष नसताना आपल्याच वाटेने चाललाय. बाहेर कुणीतरी फट काढली, पुढे गेला, शेवटच्या बचावपटूने त्याला गाठलं, की तो आतल्या बाजूला पास टाकतो. न बघता टाकला तरी चालतो, कारण तिथे द्युपाँ असतोच. तुमच्या मुलाच्या क्लिपा इथून सुरू होतात. त्याआधीची ती चाळीस मीटरची एकट्याची धाव, जिच्यात दहापैकी सात वेळा पास येतच नाही, ती कुणी दाखवत नाही.

सात वेळा फुकट पळायचं आणि आठव्यांदा पुन्हा तेवढ्याच जोराने निघायचं. मी मुलांना हेच सांगत आलोय, आणि खरं सांगू, निम्मी मुलं महिन्याभरात कंटाळतात.

दुसरी गोष्ट पायांची. तो दोन्ही पायांनी किक मारतो, आणि पाहणाऱ्याला चटकन ओळखू येत नाही की कुठला पाय मुळातला. याचा उपयोग नीट समजून घ्या. उजव्या पायाने मारणारा स्क्रम-हाफ रकच्या एका बाजूला आला की बचावपटूला कळतं, किक मारायला याला आधी वळावं लागेल. ते अर्धं पाऊल त्याला अडवायला पुरतं. द्युपाँच्या बाबतीत ते अर्धं पाऊल मिळत नाही. पासचंही तसंच. डावीकडे, उजवीकडे, जमिनीवरून उचलताना हात मागे न खेचता, सपाट आणि लांब. हात मागे नेऊन मग पास करणं ही आपल्याकडच्या मुलांची सर्वांत मोठी खोड आहे. तेवढ्यात समोरचा दोन पावलं पुढे येतो.

तिसरी गोष्ट शरीराची, आणि तुमची काळजी खरं तर तिथेच आहे. तो आहे सुमारे १७४ सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट साडेआठ इंच, आणि वजन पंच्याऐंशी किलोच्या आसपास. आजच्या आंतरराष्ट्रीय रग्बीत ही उंची ठेंगणीच. पण त्याला खाली पाडणं म्हणजे पाट्यावरचा वरवंटा आडवा लाथाडण्यासारखं. सगळं वजन खाली, कंबर आणि मांड्यांत. उंच माणसाला त्याला धरायला वाकावं लागतं, आणि वाकलेल्या माणसाची निम्मी ताकद तिथेच जाते. फेब्रुवारी २०२३मध्ये डब्लिनला आयर्लंडचा मॅक हॅन्सन गोलरेषा ओलांडून चेंडू टेकवायच्या बेतात होता. द्युपाँ त्याच्या खाली शिरला, त्याला उचलून धरलं आणि चेंडू जमिनीला लागूच दिला नाही. वजनाने आपल्यापेक्षा फार वेगळा नसलेला माणूस पूर्ण वेगाने येत असताना असं करणं, हे ताकदीपेक्षा वेळेचं आणि कोनाचं काम आहे. कबड्डीत रेडरच्या घोट्याला हात घालणारा कोपरारक्षक हे लगेच ओळखेल. फ्रान्स तो सामना १९-३२ असा हरलं, त्यामुळे लोक ते विसरले. मी अजूनही मुलांना तो तुकडा दाखवतो.

आता कर्तृत्वाची यादी हवीच असेल तर भराभर सांगतो. तुलूझकडून फ्रान्सचं राष्ट्रीय विजेतेपद २०१९, २०२१, २०२३, २०२४ आणि २०२५. युरोपचा चॅम्पियन्स चषक २०२१ आणि २०२४. २०२१चा जगातला सर्वोत्तम खेळाडू. सहा देशांच्या स्पर्धेत २०२०, २०२२ आणि २०२३ असा तीनदा सर्वोत्तम. २०२१च्या शरद ऋतूत फ्रान्सचा कप्तान शार्ल ओलिव्होँ दुखापतग्रस्त असताना कप्तानी द्युपाँकडे आली आणि मग ती त्याच्याकडेच राहिली. २०२२मध्ये फ्रान्सने सहा देशांच्या स्पर्धेतले पाचही सामने जिंकले, ज्याला तिकडे ग्रँड स्लॅम म्हणतात, २०१०नंतर पहिल्यांदाच. इंग्लंडविरुद्धच्या त्या शेवटच्या सामन्यात एक ट्राय, म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेले गुण, त्याची होती.

यात त्याच्या आजूबाजूच्या माणसांचा वाटा मोठा, हेही सांगायला हवं. प्रशिक्षक फाबियाँ गाल्तिए हे स्वतः फ्रान्सचे स्क्रम-हाफ आणि कप्तान होते, त्यामुळे या जागेवरच्या माणसाकडून काय मागायचं आणि त्याला कुठे मोकळं सोडायचं, हे त्यांना शिकवावं लागत नाही. आणि शेजारी दहा नंबरला, म्हणजे नऊ नंबरचा पास बहुधा पहिल्यांदा घेणाऱ्या जागेवर, रोमाँ न्तामाक, क्लबातही तोच आणि देशातही बऱ्याचदा तोच. नऊ आणि दहाची अशी जोडी वर्षानुवर्षं एकत्र खेळली की ती बोलत नाही, नुसती मान हलवते. द्युपाँ आतल्या बाजूने भटकू शकतो याचं एक कारण असं की तो रकवर नसला तर चेंडू कोण उचलणार, हे बाकीच्यांना पाठ आहे. एकट्याची करामत म्हणून हे बघू नका. तुमच्या मुलाच्या संघात ते ठरलेलं नसेल आणि त्याने द्युपाँसारखं भटकायला सुरुवात केली, तर चेंडू रकमागे अनाथासारखा पडून राहील आणि सर त्याला बाकावर बसवतील. चूक सरांची नसेल.

चुका त्याच्याही आहेत. नोव्हेंबर २०२२मध्ये मार्सेयला दक्षिण आफ्रिकेचा चेस्लिन कोल्बे हवेत असताना हा त्याच्या खाली गेला. कोल्बे उलटा पडला आणि द्युपाँला लाल कार्ड मिळालं. दोघे तुलूझमध्ये एकत्र खेळलेले. नशिबाचा खेळ बघा, पुढच्या वर्षी विश्वचषकात त्याच कोल्बेने फ्रान्सची एक कन्व्हर्जन किक, म्हणजे ट्रायनंतर जादा गुणांसाठी मारायची किक, धावत येऊन अडवली आणि सामना फ्रान्सने एका गुणाने गमावला. फेब्रुवारी २०२५मध्ये इंग्लंडविरुद्धही जवळजवळ खात्रीची ट्राय त्याच्या हातून निसटली आणि फ्रान्स २५-२६ने हरलं. जागेवर तो अचूक पोचला होता, चेंडूच सुटला. मुलांना मी हेही दाखवतो. त्यांना ते बघून फार बरं वाटतं.

विश्वचषकाबद्दल जरा थांबून लिहितो, कारण त्यावर माझं मत बऱ्याच जणांना आवडत नाही. २०२३चा विश्वचषक फ्रान्समध्येच होता. पहिल्या सामन्यात न्यूझीलंडला २७-१३ हरवलं. २१ सप्टेंबरला मार्सेयमध्ये नामिबियाशी सामना, निकाल ९६-०. सामना केव्हाच जिंकलेला असताना द्युपाँ मैदानात होता, आणि एका टॅकलमध्ये समोरच्याचं डोकं त्याच्या चेहऱ्यावर आदळलं. गालाचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली. चोविसाव्या दिवशी, १५ ऑक्टोबरला, तो डोक्याला संरक्षक टोपी घालून उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध उतरला. फ्रान्स २८-२९ हरलं.

त्याच्या शौर्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. तो निर्णय एका प्रौढ व्यावसायिक खेळाडूचा होता, शल्यचिकित्सकांच्या देखरेखीखालचा. त्याचा आदर आहेच. पण हा प्रसंग शाळकरी मुलांना प्रेरणा म्हणून सांगणारे प्रशिक्षक भेटले की माझं डोकं फिरतं. चौदा वर्षांच्या मुलाच्या डोक्याला किंवा चेहऱ्याला मार लागला की त्या दिवशीचं रग्बी संपलं. पुढचं डॉक्टर सांगतील. यावर वाद नको. मला त्या सामन्यातून दुसरीच गोष्ट दिसते: पन्नासहून जास्त गुणांनी पुढे असताना आपला सर्वांत महत्त्वाचा माणूस मैदानावर का ठेवायचा? गाल्तिएंना हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला, आणि तो रास्तच होता.

मग २०२४. इथे मी साफ चुकलो. त्याने सहा देशांची स्पर्धा सोडून सात जणांचं रग्बी, म्हणजे सेव्हन्स खेळायचं ठरवलं, कारण ऑलिंपिक पॅरिसमध्ये होतं आणि ऑलिंपिकमध्ये सेव्हन्सच असतं. मी मित्रांना म्हणालो, हा हौशीपणा आहे. सेव्हन्स हा वेगळाच प्रकार. मैदान तेवढंच, माणसं निम्म्याहून कमी, सात-सात मिनिटांचे दोन डाव. त्यात पळायची जी क्षमता लागते ती पंधरांच्या खेळाडूकडे असतेच असं नाही, आणि वर्षानुवर्षं सेव्हन्स खेळणाऱ्या मुलांची जागा नाव मोठं म्हणून कुणी घ्यावी, हेही मला पटत नव्हतं. फेब्रुवारीत व्हँकुव्हरला तो पहिल्यांदा खेळला, मार्चमध्ये फ्रान्सने लॉस एंजेलिसची स्पर्धा जिंकली. मध्येच तुलूझला परतून मेमध्ये लंडनला आयर्लंडच्या लेन्स्टर संघाविरुद्ध जादा वेळेत ३१-२२ने युरोपचा अंतिम सामना जिंकला, आणि त्या सामन्याचा मानकरीही तोच ठरला. जूनच्या अखेरीस राष्ट्रीय अंतिम सामन्यात तुलूझने बोर्दोला ५९-३ असं धुतलं. आणि २७ जुलैला स्टाद द फ्राँसमध्ये ऑलिंपिकचा अंतिम सामना, समोर फिजी.

फिजी म्हणजे सेव्हन्सचा राजा. २०१६ आणि २०२०च्या ऑलिंपिकचं सुवर्ण त्यांचंच, आणि तोवर ऑलिंपिकमध्ये ते एकही सामना हरले नव्हते. पहिल्या डावाअखेर ७-७. द्युपाँ बाकावर. दुसऱ्या डावात तो आला, डाव्या कडेने चेंडू घेऊन सुटला, बचावपटूंना ओढून घेतलं आणि आरों ग्रांदिदिएला पास देऊन ट्राय करवली. पुढच्या दोन ट्राय त्याने स्वतः केल्या. २८-७. त्याने कुणाची जागा खाल्ली नव्हती, मी समजत होतो तसं काही नव्हतं. संघाने त्याला शेवटच्या सात मिनिटांसाठी राखून ठेवलं होतं, आणि आख्ख्या देशाचा कप्तान असलेला माणूस निमूट बाकावर बसला होता. हे मला त्या तीन ट्रायपेक्षा मोठं वाटतं. त्या वर्षी सेव्हन्सचा जगातला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला.

हे मी मुद्दाम लांबवून सांगतोय, कारण आपल्याकडे खेळलं जातं ते बहुतांशी सेव्हन्सच. जून २०२५मध्ये मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीग झाली, तीही सेव्हन्सची. तुमच्या मुलाला पुढे वाट मिळाली तर बहुधा याच प्रकारात मिळेल. आणि सेव्हन्समध्ये ठेंगण्या, चपळ, डोकं वर ठेवून खेळणाऱ्या पोराला जागाच जागा आहे.

आता जिम. द्युपाँच्या गुडघ्याचा एसीएल, म्हणजे सांध्याला आतून धरून ठेवणारा अस्थिबंध, दोनदा फाटला. पहिल्यांदा फेब्रुवारी २०१८मध्ये आयर्लंडविरुद्ध पॅरिसमध्ये, दुसऱ्यांदा ८ मार्च २०२५ला पुन्हा आयर्लंडविरुद्ध, या वेळी डब्लिनमध्ये, एका रकमध्ये. दुसऱ्या वेळी फ्रान्सने तो सामना त्याच्याविना ४२-२७ असा जिंकला आणि पुढे स्पर्धाही. तो वर्षाच्या शेवटी शेवटी मैदानात परतला. दोन्ही वेळा महिनोन्‌महिने त्याने जे केलं ते कंटाळवाणं होतं: एका पायावर तोल, मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद, उडी मारून नीट उतरणं. तुमच्या मुलाला आज हवं आहे तेही हेच. दंडाचे गोळे नकोत. स्वतःच्या वजनाच्या बैठका, दोरीच्या उड्या, एका पायावर उतरणं, मानेचे हलके व्यायाम, आणि टॅकल करताना डोकं कुठल्या बाजूला ठेवायचं याचा सराव, तोही जाणत्या माणसासमोर. वजनं उचलायचीच असतील तर आधी महिनाभर रिकाम्या दांड्याने तंत्र शिकू दे. माझ्या एका विद्यार्थ्याने पंधराव्या वर्षी कुणाच्या तरी नादाने जड वजनं घेऊन पाठ धरून घेतली, त्याचा आख्खा मोसम गेला.

उंचीचं म्हणाल तर ती विसरा. चौदाव्या वर्षी कुणाची किती वाढायची राहिलीय हे कुणाला सांगता येत नाही, आणि नाहीच वाढली तरी नऊ नंबरची जागा आहे. त्याऐवजी रोज भिंतीवर पन्नास पास डावीकडून, पन्नास उजवीकडून, चेंडू जमिनीवरून उचलून. आणि ज्या पायाने किक लागत नाही त्याच पायाने वीस किका. दोन महिने त्या वाकड्याच जातील. शेजाऱ्यांच्या कुंड्या सांभाळा.

आणि क्लिपा बंद करा. त्याऐवजी एक पूर्ण सामना लावून द्या, मार्च २०२२चा फ्रान्स-इंग्लंड चालेल. त्याला एक कागद द्या. चेंडूकडे बघायचं नाही, फक्त निळ्या जर्सीतल्या नऊ नंबरकडे बघायचं. पास दिल्यावर तो कुठल्या बाजूला गेला, एवढंच प्रत्येक वेळी लिहायचं: मागे की आत. पहिली वीस मिनिटं पुरे. कागद भरला की मला पाठवा, मग पुढचं बोलू.